बिघाड आढळला नाही

आज पाचव्यांदा माझी मोटरसायकल सर्व्हिस सेंटरमधून परत आणली. जॉब कार्डाच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘तपासणी केली. बिघाड आढळला नाही.’ तो कागद हातात घेऊन मी काउंटरपाशी उभा राहिलो आणि माझे हात थरथरायला लागले. रागानं. समोरच्या मुलीनं पेन पुढे केलं, म्हणाली, सर, इथे सही. मी सही केली आणि निघालो. घरी येऊन दोन तास झालेत, पण ती सही मी का केली, हे काही डोक्यातून जात नाहीये.

बिघाड नाही, तर मग त्या रात्री पुलावर काय झालं होतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारची रात्र, धो धो पाऊस. मागे माझी लेक, नऊ वर्षांची, रेनकोट घालून माझ्या पाठीला चिकटून बसलेली. आधी एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला. मग हेडलाइट पिवळा पडत गेला. मीटर एकदा विझलं, पुन्हा लागलं. आणि पुलाच्या बरोबर मधोमध इंजिन बंद. सेल्फ दाबला तर सीटखालून नुसतं टक टक टक, मग तेही थांबलं. मागचा दिवा नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. गाडी काळी, माझा रेनकोट काळा. मागून येणाऱ्याला आम्ही दिसणार कसे? लेकीनं माझ्या खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. मी गाडी ढकलत होतो आणि ती मागे टॉर्च धरून चालत होती. एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या चाकांचं पाणी आमच्या तोंडावर उडालं. ती रडली नाही. पूल संपल्यावर रडली.

गाडी घेऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

तोपर्यंत दोनदा बॅटरी बदलून झाली होती. पहिल्यांदा एका सकाळी गाडी सुरूच होईना, तेव्हा. ‘होतं साहेब, एखादा पीस खराब निघतो.’ ठीक आहे, निघतो. सात आठवड्यांनी परत तेच. या वेळी बॅटरीसोबत रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीच्या चार्जिंगमधला एक भाग, तोही बदलला. मग पुलावरची रात्र. तेव्हा कळलं की मॅग्नेटची कॉइल, म्हणजे स्टेटर, जळालाय. पार्ट यायला एकोणीस दिवस लागले. तो बसवला, आणि गेल्या महिन्यात तो नवा स्टेटरही जळाला. तिसरा बसवलाय. आता चालत्या गाडीत परत एबीएसचा दिवा लागायला लागला, म्हणून परवा गाडी टाकली, तर उत्तर हे. बिघाड आढळला नाही.

मी मेकॅनिक नाही. पण इतक्या चकरा मारल्यावर माणूस शिकतो, शिकावंच लागतं. इंजिन फिरतं तेव्हा स्टेटर वीज तयार करतो, तीन वायरींमधून ती रेक्टिफायरला जाते, तिथं एसीची डीसी होते, आणि मग बॅटरी चार्ज होते. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. गाडी सुरू करून रेस वाढवली की तो आकडा 14 च्या आसपास जायला हवा. मी साधा मल्टिमीटर आणला आणि सीट उघडून स्वतः मोजायला लागलो. माझी गाडी थंड असताना 14.1 दाखवते, एकदम व्यवस्थित. अर्धा तास चालवा, तापू द्या, की तीच गाडी त्याच रेसला 12.4 दाखवते. आणखी चालवली की 12.1. म्हणजे चार्जिंग बंद, गाडी बॅटरीतलं साठवलेलं खातेय. ते संपलं की पूल.

हे मी त्यांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा. आकडे कागदावर लिहून दिले. गाडी तापवून तपासा, एवढी एकच विनंती केली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं कागद घेतला, घडी घातली आणि फाइलमध्ये टाकला. दोन मिनिटं गाडी चालू करून, थंड गाडीला मीटर लावून मला दाखवलं, बघा साहेब, चौदा येतायत.

अहो, थंड असताना येतातच! तेच तर सांगतोय ना मी!

थांबा, जरा पाणी पिऊन येतो.

हं. एका मुलाबद्दल लिहायचंय, कारण सगळ्यांनाच एका तराजूत तोलणं बरोबर नाही. चौथ्या वेळी मी अ‍ॅडव्हायझरशी वाद घालून बाहेर येऊन बसलो होतो. फ्लोअरवरचा एक पोरगा आला. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. हाताला ग्रीस. म्हणाला, काका, एक मिनिट या. आत नेलं आणि माझ्या गाडीचा एक कपलर उघडून दाखवला. स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरी जिथं पुढच्या वायरिंगला जोडल्या जातात तो. पांढरं प्लास्टिक एका बाजूनं चॉकलेटी झालेलं, एका टर्मिनलभोवती वितळून गोळा झालेला. त्या वायरीचं आवरण बोटानं दाबलं तर कडक, सुकलेल्या शेंगेसारखं. बाकीच्या दोन वायरी मऊ. तो म्हणाला, काका, कॉइल कितीही वेळा बदला, हे असंच राहिलं तर परत जळणार.

त्यानं मला पाच मिनिटांत जे समजावलं ते कोणी एका वर्षात समजावलं नव्हतं. टर्मिनल ढिलं असलं की तिथं करंटला अडथळा येतो, अडथळा आला की गरम होतं, गरम झालं की टर्मिनल आणखी ढिलं पडतं, मग आणखी गरम. थंड असताना चिकटून असतं म्हणून मीटरवर आकडा बरोबर येतो. एका वायरीतून नीट गेलं नाही की बाकीच्या दोघींवर ताण येतो. आणि पुष्कळ गाड्यांचे रेक्टिफायर असे असतात की जास्तीची वीज ते शॉर्ट करून स्टेटरलाच परत फिरवतात, त्यामुळं दिवे लावा नाहीतर विझवा, स्टेटर सतत पूर्ण ताकदीनं राबत असतो. त्यात हा असा कपलर. दोन स्टेटर काळे पडले त्यात नवल काय!

मी विचारलं, मग हे बदलत का नाही? तो खाली बघायला लागला. म्हणाला, वॉरंटीचा क्लेम कॉइलचा आलाय. वायरिंगला वेगळं अप्रूव्हल लागतं. त्यानं सुपरवायझरला सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला, स्प्रे मारून साफ कर आणि बसव. त्यानं साफ केलं आणि बसवलं. मला मात्र दाखवलं. त्याला ते दाखवायची काही गरज नव्हती, उलट बोलणी खाल्ली असती. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नोकरी मला महत्त्वाची वाटते.

नंतर तिथल्याच एका जुन्या माणसानं हळू आवाजात सांगितलं की वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी सेंटरला पार्टप्रमाणे, ठरलेल्या वेळेच्या हिशोबानं देते. स्टेटर बदलायला अमुक वेळ, त्याचे अमुक पैसे. पण स्टेटर का जळाला हे शोधायला कोणी तीन तास घालवले, तर त्या तीन तासांचे त्यांना काही मिळत नाही. म्हणून कोणी शोधत नाही. पार्ट जळला, पार्ट बदला, जळलेला पार्ट कंपनीला पाठवा, फाइल बंद. माझ्या गाडीत वर्षभरात दोन बॅटऱ्या, एक रेक्टिफायर आणि दोन स्टेटर नवे पडले, सगळे फुकट. आणि गाडी होती तशीच आहे. लोक मला म्हणतात, अरे, फुकट करून देतायत ना, मग कशाला चिडतोस? मला फुकटचे पार्ट नकोत. माझी लेक पुलावर टॉर्च धरून उभी राहणार नाही, एवढं मला हवंय.

वॉरंटीची पुस्तिका काल रात्री पूर्ण वाचली, अगदी बारीक अक्षरातली. बदललेल्या पार्टला वेगळी वॉरंटी नाही, गाडीची संपेल त्या दिवशी त्याचीही संपेल. दुरुस्त करायचं की बदलायचं, हे कंपनी ठरवणार. गाडी सेंटरमध्ये पडून राहिली ते दिवस वाढवून मिळणार नाहीत. म्हणजे ते एकोणीस दिवस माझ्याच खात्यातून गेले. अजून दहा महिने उरलेत. असेच पार्ट बदलत राहिले तर दहा महिने सहज निघतील, आणि अकराव्या महिन्यात तोच कपलर माझ्या खर्चानं बदलायचा.

हो, मी फॉग लाइट लावले होते. मान्य. दुसऱ्या वेळी त्यांनी त्यावरच बोट ठेवलं, लगेच म्हणाले, बाहेरचं वायरिंग केलंत म्हणून झालं. त्याच आठवड्यात मी काढून टाकले. त्यानंतर दोन स्टेटर जळाले. आता बोला. आणि मशीन आहे, बिघडणारच, हेही मान्य. माझे वडील आयुष्यभर एकच गाडी चालवत होते. तीही बिघडायची. पण किक होती आणि ठिणगी मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच वीज करणाऱ्या भागावर, चालायची, बॅटरी मेली तरी गाडी घरी यायची. डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपर असायचा, ठिणगीचे पॉइंट घासले की पुढे चालली. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, सगळं ठरवणारा ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, विजेवर. बॅटरी पार बसली की ढकलून स्टार्ट करायचीही सोय नाही. मी तक्रार म्हणून सांगत नाही, नवी गाडी मायलेज देते, धूर कमी सोडते, ब्रेक चांगले आहेत. पण जिथं सगळंच विजेवर चालतं तिथं चार्जिंगची तक्रार म्हणजे किरकोळ तक्रार नव्हे, एवढं तरी कळायला हवं. ‘दिवे थोडे डिम होतात’ असं लिहिलंय माझ्या तिसऱ्या जॉब कार्डवर. मी सांगितलं होतं, पुलावर भर रात्री गाडी पूर्ण बंद पडली, मागे लहान मूल होतं. त्यांनी लिहिलं, दिवे थोडे डिम होतात.

लिहिता लिहिता एक गोष्ट तपासली. परवा गाडी देताना मी मीटरचा फोटो काढला होता. 11,246 किलोमीटर. आत्ता खाली जाऊन बघून आलो. तिथून घरापर्यंतचं अंतर वजा केलं. 11,247.

एक किलोमीटर.

दोन दिवस गाडी त्यांच्याकडे होती आणि ती चालवली एक किलोमीटर. मी लिहून दिलं होतं, अर्धा तास चालवल्यावर बिघाड दिसतो. एका किलोमीटरमध्ये इंजिन नीट गरमही होत नाही. आणि यावर शिक्का मारून लिहितात, तपासणी केली. कसली तपासणी? धुतली मात्र छान आहे. टाकी चमकतेय. चेनला तेल मारलंय. कोणाच्या तरी आयुष्याशी तुम्ही हे करताय, याची जाणीव आहे का एकाला तरी?

फार चिडून लिहिलं का? असेल. पण खोडत नाही.

लेक आता मागे बसली की माझ्या खांद्यावरून पुढे बघते. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागतोच, एबीएस असलेल्या सगळ्याच गाड्यांत लागतो, आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. हे मी तिला समजावलंय. तरी तो विझेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. विझला की म्हणते, गेला बाबा. मग शाळेतल्या गोष्टी सुरू. आधी ती बसता बसताच बोलायला लागायची. तेवढे दहा-बारा मीटर ती गप्प असते, ते मला सहन होत नाही. पावसाचे ढग दिसले तर हल्ली स्वतःच म्हणते, आज बसनं जाऊ या का. मला गाडीची आवड आहे म्हणून तसं थेट म्हणत नाही, विचारल्यासारखं करते.

आत्ताच कंपनीला मेल केलाय. शेवटच्या तीन जॉब कार्डांचे फोटो, कपलरचा फोटो, थंड आणि गरम गाडीचे व्होल्टेज, आणि ते दोन मीटर रीडिंग. तुमच्यापैकी कोणाची गाडी अशी वारंवार टाकायची वेळ आली तर देताना मीटरचा फोटो काढा, तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत घ्या. मी पहिल्या दोन वेळा घेतली नव्हती. नंतर मागायला गेलो तर सिस्टीममध्ये फक्त ‘बॅटरी बदलली’ एवढंच होतं.

उद्या सकाळी दहाला परत जातोय. त्यांच्याच माणसाला गाडी चालवायला देणार आणि मी मागे बसणार, पूर्ण अर्धा तास. परत आल्यावर इंजिन बंद न करता सीट उघडायची, बॅटरीला मीटर लावायचं आणि जो आकडा येईल तो जॉब कार्डवर त्यांच्या अक्षरात लिहून घ्यायचा. थंडचा एक, गरमचा एक. मग तो कपलर माझ्यासमोर उघडायचा. वायरिंगचा क्लेम टाकल्याशिवाय गाडी उचलणार नाही आणि उद्या सही करणार नाही.

कोणाला सकाळी तासभर मोकळा असेल तर या. भांडायला नको, आवाज चढवायला नको. मीटरकडे बघायला माझ्याशिवाय आणखी दोन डोळे हवेत.