‘ज्यू गप्प बसले’ म्हणणाऱ्यांना

हिटलरच्या काळातल्या ज्यूंबद्दलचा तोच मेसेज परत फिरतोय, या वेळी मला तीन ग्रुपवर आला. ‘साठ लाख ज्यू मेंढरांसारखे मेले, कोणी प्रतिकार केला नाही, अमेरिकेतले पैसेवाले ज्यू गप्प बसले आणि वेळेत देश सोडायची अक्कलही नव्हती.’ वाचून डोकंच फिरलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मेंढरांसारखे? अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाझींनी ज्यूंना एका थिएटरात कोंडलं होतं, छावणीला पाठवायच्या आधी, आणि त्यांची लहान मुलं रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवली होती. थिएटरचा कारभार वॉल्टर झ्युस्किंड या ज्यू माणसाकडे होता, तो मुलांची नावं नोंदीतून गायब करायचा. दोन्ही इमारतींच्या मधून ट्राम जायची. ट्राम आडवी आली की पहारेकऱ्याला पाळणाघराचं दार दिसायचं नाही, बस्स, तेवढ्यात कोणीतरी मूल पाठीवरच्या पिशवीत नाहीतर कपड्यांच्या टोपलीत घालून बाहेर, पुढे डच विद्यार्थी घेऊन जायचे. साधारण ६०० मुलं अशी वाचली. आपलं लेकरू अनोळखी माणसाच्या हाती द्यायला ‘हो’ म्हणणाऱ्या त्या आयांचं काय झालं असेल, विचार करा जरा. पाळणाघर चालवणाऱ्या हेन्रिएट पिमेंटेल यांना १९४३ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत मारलं, झ्युस्किंडही १९४५ मध्ये गेला. आणि हत्यार घेऊन लढलेलेच मोजायचे असतील तर त्याच १९४३ मधला वॉर्सा घेटोचा, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला उठाव आहे, सोबिबोरच्या मृत्युछावणीतला आहे.

बाहेरचे गप्प बसले, हे तर साफ खोटं. जिनिव्हातून ज्यू संघटनेच्या गेरहार्ट रीग्नरने ऑगस्ट १९४२ मध्ये तार केली की ज्यूंना सरसकट संपवायचा बेत आहे, ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तिथले ज्यू पुढारी रब्बाय (ज्यू धर्मगुरू) स्टीफन वाइज यांना दिलीच नाही, त्यांना ती लंडनमार्गे कळली. मग सरकार म्हणालं खात्री होईपर्यंत हे जाहीर करू नका, आणि वाइज नोव्हेंबरपर्यंत थांबले. हे थांबणं मला आजही पटत नाही, पण त्याला गप्प बसणं म्हणू नका. लंडनमध्ये पोलंडचा ज्यू पुढारी श्मुल झिगेलबॉइम जगाच्या बेपर्वाईचा निषेध म्हणून पत्र लिहून ठेवून मे १९४३ मध्ये जीव देतो. ऑक्टोबरमध्ये सुमारे ४०० रब्बाय ज्यूंना वाचवा म्हणून वॉशिंग्टनला मोर्चा नेतात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट भेटत नाहीत.

देश सोडायचा, पण जायचं कुठे? १९३८ ला फ्रान्समधल्या एव्हियाँत निर्वासितांच्या प्रश्नावर ३२ देश जमले, जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. आपल्या मुंबईतली ज्यूइश रिलीफ असोसिएशन येणाऱ्यांच्या खर्चाची हमी घ्यायची, तेव्हा कुठे काहींना इथे येता आलं.

आणि पैसेवाल्यांचं म्हणाल तर जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेने ज्यूंना वाचवायला एकदाचं वॉर रेफ्युजी बोर्ड काढलं, त्याच्या कामाचा बहुतेक खर्च ज्यू संस्थांनीच भरला, बुडापेस्टमध्ये ज्यूंना वाचवणाऱ्या स्वीडिश अधिकारी वॉलनबर्गला मिळालेला पैसासुद्धा त्यांचाच.