आधी भात बघा, मग मासा

पुण्यात सुशी कुठे चांगली मिळते यावरच्या लेखात कोरेगाव पार्कला पहिला नंबर, त्यावर बाणेरवाले चिडलेले आणि सगळं भांडण कोणाचा सॅल्मन ताजा यावर! अहो, पुण्याला समुद्र कुठाय? मासा सगळ्यांकडे बर्फातूनच येतो. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला भात. परीक्षा तिथे घ्या.

मागच्या महिन्यात एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव नको) निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, मागवली. भात थेट फ्रिजमधला, गार आणि टणक. चॉपस्टिकने उचलली तर मासा एकीकडे आणि शितं सोया सॉसमध्ये पोहतायत. साडेआठशे रुपये! शेवटी हातानेच खाल्ली. निगिरी हाताने खाल्लेली जपानातही चालते, त्यामुळे शेजारच्या टेबलाने टकामका बघायचं कारण नव्हतं.

वसाबीवरून (सुशीसोबतची झणझणीत हिरवी चटणी) मात्र कोणाचे मार्क कापू नका, बहुतेक ठिकाणी ती हिरवा रंग दिलेली हॉर्सरॅडिशच (एक तिखट मूळ) असते.

माझं मत बाणेरला. तिथला साधा काकडीचा रोल घ्या. भात कोमट, दाणा न् दाणा दिसतोय तरी एकमेकांना धरून. आमची ही म्हणाली, "हा तर आपल्या इंद्रायणीसारखा." घरी इंद्रायणीचे करून पाहिले. रोल वाकडे झाले, पण सुटले नाहीत.