एक जूनची जत्रा

३१ मेच्या रात्री मी फोन सायलेंटवर टाकून झोपतो. तरी बारा वाजून एक मिनिटाने उशीखाली जी थरथर चालू होते ती सकाळपर्यंत थांबत नाही. आधी बँकेचा मेसेज, मग पतसंस्थेचा, मग विमावाल्या एजंटचा (याला माझ्या वाढदिवसापेक्षा माझ्या वयाचं जास्त पडलेलं), आणि मग आमचा दहावी १९९० चा ग्रुप. ग्रुपात अडतीस जण, त्यातल्या एकोणीस जणांचा वाढदिवस एक जूनला. म्हणजे एकोणीस जण एकोणीस जणांना हॅपी बड्डे म्हणणार, प्रत्येक जण प्रत्येकाला धन्यवाद मित्रा म्हणणार, वर केकचे फोटो, फुलं, हलणारे फुगे. दुपारपर्यंत फोन चहाच्या किटलीसारखा तापतो.

यातला खरा एक जूनला जन्मलेला एकही नाही!

परभणीकडचं आमचं गाव. १९८० च्या जून महिन्यात बाबा मला झेडपीच्या शाळेत घेऊन गेले. गुरुजी म्हणाले, कान धर. म्हणजे उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान पकडायचा, हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं, पहिलीला पात्र. माझा हात दोन बोटं कमी पडला. बाबांनी मागून हळूच माझं डोकं हाताकडं कलतं केलं, कान आपणहून बोटांत आला. गुरुजींनी ते बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"जन्म कधीचा?"
"पोळ्याचा."
"कुठल्या पोळ्याचा?"
"बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या."

आता पोळ्याचा धरला तर मी सहाला दोन-अडीच महिने कमी भरत होतो, मग गुरुजींनी टाक उचलला आणि जनरल रजिस्टरला लिहून टाकलं, १ जून १९७४, अंकी आणि अक्षरी. माझ्या पुढच्याला पण तीच, मागच्याला पण तीच. शाळा जूनमध्ये उघडायची ना, मग पोरं पण जूनमध्येच जन्मलेली बरी, हिशोबाला सोपं.

आईचं रेकॉर्ड मात्र पक्कं. "पोळ्याच्या आदल्या दिशी, खांदेमळणी चालू होती, तुझे बाप बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावत होते, पोरगं झालं म्हणून सांगितलं तर म्हणले थांबा, दुसरा बैल राहिलाय." पुतण्याने फोनवर जुनं पंचांग काढून बघितलं, ऑगस्टचा तिसरा आठवडा निघाला. तेव्हापासून बायको मला दरवर्षी खांदेमळणीला ओवाळते, आणि वर, बैलांची उरलेली हळद आहे, वाया कशाला घालवायची, असं म्हणते.

तिचं पण बरोबर आहे म्हणा. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी पत्रिका मागितली, आमच्याकडे कुठली पत्रिका, मामांनी शाळेच्या दाखल्यावरची तारीख देऊन करून घेतली, वेळ अंदाजे सकाळची. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले. हे तिला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. तेव्हापासून भांडण झालं की म्हणते, माझे गुण जुळले ते तुमच्या गुरुजींशी.

ऑफिसात तर विचारू नका. मी झेडपीत सिनियर क्लार्क. आमच्याकडे ५८ ला रिटायरमेंट, आणि ज्याचा जन्म एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. त्यामुळे ३१ मे म्हणजे आमच्याकडे सामुदायिक विवाहासारखा सामुदायिक निरोप. शाली घाऊकमध्ये, नारळ पोत्याने, आणि भाषण एकच, फक्त नाव बदलायचं. मागच्या वेळी एका साहेबांना दुसऱ्याचंच नाव घेऊन निरोप दिला, ते पण काही बोलले नाहीत, शाल तीच होती.

माझी पण ठरलेली, ३१ मे २०३२. आईच्या तारखेने धरलं तर ऑगस्टअखेर, म्हणजे गुरुजींच्या एका टाकाने माझा तीन महिन्यांचा पगार गेला. सर्व्हिस बुकातली तारीख बदलायला अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच करायचा असतो, आणि केला असता तरी पुरावा म्हणून कोणाला उभं करणार, बैलाला? पण पगार गेला तसं एक वर्ष मिळालं सुद्धा. गुरुजी नियमाने वागले असते तर मी त्या वर्षी शेळ्यांमागे गेलो असतो आणि मग परत शाळेत आणायला कोण बसलं होतं? आमच्या आळीतली दोन पोरं अशीच गेली, ती आली नाहीत.

परवा त्याच पुतण्याच्या पोराचं पहिलीचं ॲडमिशन अडलं. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण पाहिजेत आणि पोरगं ३ जानेवारीचं. दवाखान्याचा दाखला, वर बारकोड, वेळ सुद्धा छापलेली, पहाटे ४ वाजून १७ मिनिटं. तीन दिवसांसाठी वर्ष गेलं. पुतण्या म्हणतो, काका तुमची शिक्षण खात्यात ओळख आहे ना. आहे की, पण ओळख करणार काय, कॉम्प्युटरला खिडकीबाहेर बघायला कसं सांगायचं!

मी पोराला सहज म्हटलं, बाळा, कान धर बरं. डोक्यावरून. त्याने हात टाकला आणि कान पकडून वर पिळून दाखवला.