आजींच्या क्लोजअपसाठी नेलेल्या ५० आणि ८५ लेन्सबद्दल

नमस्कार ताई,

दुकान माझं आहे, त्यामुळे तुमच्या रिव्ह्यूला उत्तर मीच द्यायला हवं. काल रात्री तो दोनदा वाचला आणि आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम तुमच्या दोन्ही लेन्स काढून तपासण्याचं केलं.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. ताईंच्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर आजींच्या चेहऱ्याचे क्लोजअप काढायला त्यांनी आमच्याकडे लेन्स मागितली. आम्ही ५० एमएम दिली. आदल्या दिवशी घरी काढून पाहिलं तर आजींचं नाक फुगल्यासारखं आणि कान मागे लपल्यासारखे आले. मग ८५ही नेली. कार्यक्रमाच्या दिवशी ८५ जवळ गेलं की फोकसच धरेना, आणि जिथे धरला तिथे डोळा शार्प, नथ धूसर. दुकानात फोन केला तर काउंटरवरच्या मुलाने "लेन्स ठीक आहे, तुम्हाला जमलं नसेल" असं सांगितलं. म्हणून दोन स्टार, आणि "खराब लेन्स भाड्याने देतात" हा शेरा.

त्या फोनबद्दल मनापासून माफी मागतो. घरात कार्यक्रम सुरू असताना, पाहुण्यांच्या गर्दीतून बाजूला येऊन कुणी फोन करतं तेव्हा त्याला मदत हवी असते. मुलगा कामाला नवीन आहे, पण त्याला शिकवायची जबाबदारी माझी होती. त्याहून मोठी चूक लेन्स देतानाच झाली. आम्ही तुम्हाला "किती दिवसांसाठी?" एवढंच विचारलं. "चेहऱ्याच्या किती जवळ जायचंय? नथ, गोंदण असं काही वेगळं टिपायचंय का?" हे विचारलं असतं, तर तुम्हाला ५०ही दिली नसती आणि ८५ही.

लेन्स मात्र खराब नाहीत, आणि हे स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. तुमच्या मनात "त्या लेन्समुळे आजी अशी दिसली" हे राहिलं तर पुढची लेन्स घेतानाही तीच गफलत होईल.

सकाळी आमच्या दुकानातल्या काकांना खुर्चीत बसवलं. कॅमेरा स्टँडवर लावला, टेपने मोजून त्यांच्या नाकापासून १ मीटर २० सेंटीमीटरवर. आधी ८५ लावून फोटो काढला, मग स्टँड जराही न हलवता ५० लावून. ५०च्या फोटोत अर्थातच चेहरा लहान आला. तो कॉम्प्युटरवर ८५च्या चौकटीएवढा कापला आणि स्क्रीनवर पट्टी ठेवून नाकाची रुंदी आणि दोन कानांमधलं अंतर मोजलं. दोन्ही फोटोंत प्रमाण तेच. नंतर तीच ५० घेऊन अर्ध्या मीटरवर गेलो, आणि काकांचं नाक हुबेहूब तुमच्या तक्रारीसारखं आलं.

म्हणजे नाक मोठं करतं ते अंतर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंटीमीटरवर असेल तर कान ६२वर पडतो, आणि नाक कानाच्या मानाने जवळजवळ पाव पटीने मोठं उतरतं. तोच कॅमेरा १ मीटर २० सेंटीमीटरवर नेला की हा फरक दहा टक्क्यांवर येतो. समोर बसून बोलताना आपण माणसाला साधारण याच अंतरावरून बघतो. म्हणून तिथून काढलेला चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो.

मग फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा हा ५०-८५चा आकडा, कशाला बघायची? ती तुम्हाला कुठे उभं करते यासाठी. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा भरून, वरखाली थोडी जागा सोडून, उभ्या फ्रेममध्ये घ्यायचा म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर उंचीचा भाग टिपायचा. फुल फ्रेमवर ५० लावली तर त्यासाठी जेमतेम ५५ सेंटीमीटरवर जावं लागतं. तुम्ही गेलात, लेन्सने तुम्हाला तिथे नेलं. ८५ लावली तर ९० सेंटीमीटर, १०० लावली तर मीटरभर, १३५ लावली तर जवळजवळ दीड मीटर. रंकाळ्यावर प्री-वेडिंग काढणारी मुलं आमच्याकडून १३५ हौसेने नेतात, कारण तिथे मागे सरकायला हवी तेवढी जागा असते. देवघराच्या खोलीत, पाटावर बसलेल्या आजींसमोर तेवढी कुठून आणणार? शिवाय आजींना कमी ऐकू येतं असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांच्याशी बोलता येईल इतक्या जवळ राहायलाच हवं. म्हणून माझ्या मते तुमच्या कामाला १०० योग्य होती.

"५० म्हणजे पोर्ट्रेट लेन्स" हे सगळीकडे ऐकू येतं, आमचा मुलगाही तेच ऐकून आलाय. ते क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यापुरतं बरोबर आहे. कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० लावली की चौकट ८० एमएमएवढी मिळते आणि माणूस आपोआप मागे सरकतो. तुमची बॉडी फुल फ्रेम. ते विचारायचं आमच्याकडून राहिलं.

आता ८५ची गोष्ट. तुम्ही नेलेली कॅननची ८५ एफ १.८ ही ८५ सेंटीमीटरच्या आत फोकस करतच नाही, तिची घडणच तशी आहे. अगदी जवळून घेतलं तरी फ्रेममध्ये जवळपास २८ सेंटीमीटर उंचीचा भाग येतो. चेहरा बसतो, पण नुसती नथ किंवा कपाळावरचं गोंदण भरून घ्यायला गेलात की लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते. तुम्हाला ती बिघडलीय असं वाटणं साहजिक होतं. हातात देताना आम्ही हे एक वाक्य सांगायला हवं होतं.

डोळा शार्प आणि नथ धूसर याचं कारण वेगळं. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही फोटोंत अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, १.८वर, खूप उघडं आहे. चेहरा एवढा भरून घेतल्यावर १.८ला शार्प पट्टा जेमतेम सेंटीमीटरभराचा मिळतो. आजींच्या पापण्या त्यात आहेत, नथ डोळ्याच्या दोन-अडीच सेंटीमीटर पुढे आहे, ती बाहेर राहिली. भोक लहान करून ५.६वर आणलं असतं आणि फोकस डोळा व नथ यांच्या मधोमध धरला असता, तर पट्टा साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास गेला असता आणि डोळा, नथ दोन्ही आत आले असते. उजेड कमी पडला असता, हे खरं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवून येणारे बारीक दाणे मला चालतात, पण नथीतले मोती धूसर आलेले नाही चालत. तुमच्या दुसऱ्या फोटोत आजींच्या कपाळावरचं हिरवट गोंदण सुरकुत्यांच्या रेघांत मिसळून गेलंय आणि तेवढा भाग नेमका फोकसमध्ये आलाय. तो फोटो मी बराच वेळ बघत होतो. तुमची नजर चांगली आहे, आम्ही सामान चुकीचं दिलं.

आता यावर काय करायचं ते सांगतो. ८५चं पूर्ण भाडं आजच तुमच्या खात्यावर परत टाकतो. ५०चंही. आणि येत्या आठवड्यात कोणत्याही दिवशी कॅननची १०० मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स) घेऊन जा, भाडं नाही, डिपॉझिट नाही. ती ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. पूर्ण चेहऱ्यासाठी मीटरभर अंतरावर बसा. नथीसाठी आणि गोंदणासाठी हवं तेवढं पुढे या, तिथे कान फ्रेममध्येच नसतो, त्यामुळे नाकाच्या प्रमाणाची काळजी करायची गरज नाही. लेन्सच्या बाजूला फोकसच्या टप्प्याचं बटण आहे ते "फुल"वर ठेवा, नाहीतर पुन्हा फोकस धरत नाही असं वाटेल. आजींना खिडकीकडे तोंड करून बसवा, सकाळी दहाच्या आत. हवं असेल तर मी स्वतः येतो, अर्धा तास लागेल.

औक्षणाचा क्षण पुन्हा येणार नाही, हे मला कळतं. पण तुम्ही म्हणालात की दारातून, लांबून काढलेले काही फोटो ५०नेच आहेत. ते टाकाऊ समजू नका. दोन मीटरवरून काढलेला चेहरा प्रमाणात असतो, फक्त लहान असतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी कापली तरी ३००० बाय २००० पिक्सेल उरतात, त्यावर ८ बाय १२ इंचांची प्रिंट स्वच्छ निघते. त्यातल्या चांगल्या पाच फोटोंच्या प्रिंट मी काढून देतो.

स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. आजपासून काउंटरवर एक कागद चिकटवलाय: बॉडी कोणती, काय टिपायचंय, जागा किती. हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आता लेन्स हातात द्यायची नाही असं मुलाला सांगितलंय, आणि त्यानेही तुम्हाला फोन करून माफी मागायची आहे असं स्वतःहून म्हटलंय. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी अकरापासून मी आहे. येताना मेमरी कार्ड आणा, आणि तोवर कृपा करून ते फॉरमॅट करू नका.