पिवळी पिशवी

आज संध्याकाळी मंडईत प्लास्टिकबंदीच्या पथकाने एका भाजीवाल्या मावशींची पाच हजारांची पावती फाडली. पाटीखाली प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या म्हणून. सगळी मेथी-कोथिंबीर विकली तरी एवढे हातात येत नाहीत हो! मी मध्ये पडले, तर म्हणाले, "मॅडम, कायदा आहे."

आहेच. आणि तो मलाही हवाय. माझ्या हातात तेव्हाही कापडी पिशवीच होती, चेन्नईहून आणलेली पिवळी. तिथल्या कोयंबेडूच्या बाजारात एक मशीन आहे. दहाचं नाणं टाकलं की पिशवी बाहेर येते. गेल्या वर्षी बहिणीकडे गेले होते तेव्हा लहान मुलासारखी तीन वेळा नाणं टाकलं.

सिक्कीमने १९९८ मध्ये पिशव्या बंद केल्या, हिमाचलने २००९ मध्ये. आपण महाराष्ट्रात २००५ च्या २६ जुलैच्या पुरात गटारं तुंबल्यावर जागे झालो आणि २०१८ मध्ये सरसकट बंदी आणली. २०१९ च्या जानेवारीत तमिळनाडूने आणली, २०२२ मध्ये केंद्राने एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर. एका राज्याचं बघून दुसरं शिकतं, याचा मला खरंच आनंद आहे. पण आपण शेजाऱ्याकडून कधी सोय उचलणार? आपल्या २०१८ च्या नियमात दुधाची रिकामी पिशवी परत केली की ५० पैसे मिळणार होते. मी कितीतरी महिने पिशव्या धुऊन, वाळवून ठेवल्या. घेतंय कोण? तिकडे तमिळनाडूतल्या निलगिरीत २०२२ पासून दारूची रिकामी बाटली परत दिली की विकताना जास्त घेतलेले दहा रुपये परत मिळतात. केरळनेही आता वीस रुपयांची तशीच योजना आणली. बाटल्या परत येतात, कारण घेणारा माणूस बसवलाय!

मशीनं बंद पडतात, मान्य. मावशींनी पिशव्या ठेवायला नको होत्या, तेही मान्य. पण ते दंडाचं पुस्तक बघून अजून डोकं तापतंय. मंडईच्या दारात नाणं टाकायला एक मशीन नाही, दुधाच्या पिशव्या घ्यायला एक माणूस नाही, आणि पावती फाडायला चौघं!

पथक गेल्यावर मावशी माझ्यावरच चिडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक हात हलवत येतं गं ताई. पिशवी नाही म्हटलं की पलीकडच्या पाटीवर जातं." मग माझी पिवळी पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली, शिवण बघितली आणि विचारलं, "ही कुठं मिळते?"

मी चेन्नई म्हणाले. म्हणताना लाज वाटली.