@ नंतरचा आकडा म्हणजे मेमरीचा पत्ता नव्हे

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या 'शॉर्ट नोट्स' फिरायला लागतात. सध्या फिरतेय तिच्यात ऑब्जेक्ट (क्लास नावाच्या साच्यातून तयार होणारी वस्तू) छापण्याबद्दल तीन दावे आहेत: छापताना @ नंतर जो आकडा दिसतो तो मेमरीतला पत्ता; प्रिंटएलएनला (छापायच्या आज्ञेला) फक्त स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कळते, म्हणून टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर करून देणारी मेथड) आपणच लिहून बोलवायचं; आणि ॲरे (मूल्यांची यादी) थेट छापला की आतलं सगळं दिसतं.

पहिला दावा सगळ्यात चिवट. चादर नावाचा क्लास लिहा (देवनागरी नाव जावाला चालतं, फाइल तेवढी यूटीएफ-८ मध्ये ठेवा). त्यात टूस्ट्रिंग नसेल तर सगळ्या क्लासांचा मूळपुरुष जो ऑब्जेक्ट क्लास, त्याचं टूस्ट्रिंग चालतं. ते क्लासचं नाव, @ आणि हेक्साडेसिमलमध्ये (१६ च्या पायावर) हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी काढलेला एक आकडा) एवढंच जोडून देतं. आता हॅशकोड ओव्हरराइड करून, म्हणजे क्लासमध्ये आपला स्वतःचा लिहून, १६ परत करा. छापून येईल चादर@१०. शंभर ऑब्जेक्ट केले तरी शंभरांचं तेच. मग काय, शंभर चादरी एकाच पत्त्यावर?

ओव्हरराइड नाही केलं तरी तो पत्ता नसतो. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) ऑब्जेक्ट मेमरीत इकडून तिकडे हलवतो, हॅशकोड मात्र प्रोग्राम चालू असेपर्यंत तोच राहावा लागतो. हॉटस्पॉट (जावाचे प्रोग्राम चालवणारं नेहमीचं इंजिन) हा आकडा रँडम पद्धतीने काढतं आणि ऑब्जेक्टच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, जपून ठेवतं. अफवेला मूळ आहे, हे मान्य: जावाच्या जुन्या डॉक्युमेंटेशनमध्येच 'बहुधा पत्त्यावरून काढतात' अशा अर्थाचं वाक्य होतं. नोट लिहिणाऱ्याने त्यातलं 'बहुधा' गाळलं.

दुसरा सल्ला तर नुकसानीचा. प्रिंटएलएनला ऑब्जेक्ट दिला की ते स्वतःच टूस्ट्रिंग बोलावतं, आणि व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे कुठलाच ऑब्जेक्ट नाही) असेल तर निमूट 'नल' छापतं. तुम्ही मध्ये टूस्ट्रिंग घातलंत की त्याच ओळीवर नलपॉइंटर एक्सेप्शन ही एरर.

तिसऱ्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त फसवतो. कॅरेक्टरचा ॲरे छापला की अक्षरं दिसतात, कारण प्रिंटएलएनची त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती आहे. त्याच ॲरेआधी 'नाव: ' ही स्ट्रिंग अधिक चिन्हाने जोडून बघा, अक्षरं गायब होऊन पुन्हा @ हजर! इंटच्या (पूर्णांकांच्या) ॲरेला तर ती सवलतही नाही. तिथे ॲरेज क्लासचं टूस्ट्रिंग वापरा, आणि ॲरेत ॲरे असेल तर डीपटूस्ट्रिंग.