ब्रिसागोची खोली

'पुस्तकाची सर सिनेमाला नाही' हे वाक्य मी आजवर इतक्यांच्या तोंडावर फेकलंय की हिशोब नाही. परवा मावशीसोबत 'अ फेअरवेल टू आर्म्स' बघितला आणि ते वाक्य घशातच अडकलं. १९३२ चा, कृष्णधवल. दिग्दर्शक फ्रँक बोर्झेगी, नायक गॅरी कूपर, नायिका हेलन हेज. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे नेटवर फुकट मिळतो, पण बऱ्याच प्रिंट खरवडलेल्या. १९३८ मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा सेन्सॉरच्या धाकानं बरीच कात्री लागली होती, तेव्हा बघणार असाल तर दीड तासाची प्रत शोधा.

मावशी रिटायर्ड नर्स. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात उभी हयात गेली, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये. "मावशी, सबटायटल इंग्रजी आहेत हं." "वाचता येतं मला. तू फक्त मधे मधे बोलू नकोस." संपूर्ण सिनेमाभर बोलली तीच.

अर्नेस्ट हेमिंग्वेची मूळ कादंबरी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिलं महायुद्ध, इटलीची आघाडी. फ्रेडरिक हेन्री हा अमेरिकन तरुण इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिकांवर आहे. ब्रिटिश नर्स कॅथरीनशी त्याचं जमतं, तो जखमी होतो, मिलानच्या इस्पितळात प्रेम मुरतं, ती गरोदर राहते, तो सैन्य सोडून पळतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये बाळंतपणात ती जाते. हेमिंग्वे स्वतः रेडक्रॉसतर्फे तिथे होता. जुलै १९१८ मध्ये पियावे नदीकाठी जखमी झाला, तेव्हा वय १८. मिलानच्या इस्पितळात ॲग्नेस फॉन कुरोव्स्की नावाच्या नर्सच्या प्रेमात पडला. तो अमेरिकेत परतल्यावर तिनं पत्र पाठवून त्याला नकार कळवला. १९२९ च्या कादंबरीतली नर्स मात्र सोडून जात नाही, मरते. कुठलं दुःख लिहायला सोपं, ते तुम्हीच ठरवा.

सिनेमात जखमी फ्रेडरिकला इस्पितळात आणतात तेव्हा कॅमेराच स्ट्रेचरवर झोपतो. सरकत जाणारं छत, कमानी, वरून वाकून बघणारे चेहरे. मग कॅथरीन येते, आणि तिचा चेहरा इतका जवळ येतो की पडद्यावर जवळपास डोळाच उरतो. छायाचित्रणासाठी चार्ल्स लँगला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. मी हे सगळं मावशीला समजावून सांगायच्या तयारीत होतो, तर ती म्हणाली, "बरोबर आहे. पेशंटला छतच दिसतं. आमच्या लेबर रूमच्या छताला ओल होती. एक बाई कळा देताना म्हणाली, सिस्टर, तो डाग गाईसारखा दिसतो बघा. तोवर मी कधी वर बघितलंच नव्हतं."

त्यानंतर मी गप्प बसलो.

आता माझा मुद्दा. कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत फ्रेडरिक सांगतो. तो खोलीत नसेल तर कॅथरीन नाहीच. म्हणून कॉलेजात वाचताना ती मला जरा कचकड्याची वाटली होती, सतत 'तू म्हणशील तसं' म्हणणारी. सिनेमानं कथेची मोडतोड केली, हे खरंच. कादंबरीत दोघं रात्रभर होडी वल्हवत स्वित्झर्लंडला जातात. सिनेमात ती एकटीच तिथल्या ब्रिसागो गावी जाते आणि तिथून पत्रं लिहिते. रिनाल्डी, फ्रेडरिकचा मित्र, ती पत्रं मधल्यामधे परत पाठवतो. पुस्तकात यातलं काही नाही. पण या मोडतोडीतून एक प्रसंग मिळाला. कॅथरीन भाड्याच्या खोलीत बसून त्याला लिहितेय, खोली किती छान आहे म्हणून. आपल्याला तिचे शब्द ऐकू येतात आणि कॅमेरा खोलीभर फिरतो. कळकट, दरिद्री खोली. बाई सासरहून माहेरी 'मी खुशाल आहे' लिहिते ना, अगदी तसंच. पुस्तकातल्या फ्रेडरिकला ही खोली कधीच दिसली नसती. 'तू म्हणशील तसं' म्हणणारी बाई एकटी असताना काय करते, ते इथे कळतं.

हेलन हेज उंचीनं जेमतेम पाच फूट, कूपर सव्वासहा. एका चौकटीत बसवताना काय कसरत झाली असेल! पण तिच्या कष्टी, हुशार चेहऱ्यापुढे तो देखणा माणूस बरेचदा नुसता उभा असल्यासारखा वाटतो.

खटकलं तेही सांगतो. इस्पितळात पाद्री हळूच लग्नाचे मंत्र पुटपुटतो, तो प्रसंग सरळ सरळ समाजाची समजूत काढण्यासाठी. आणि शेवट! कादंबरीत फ्रेडरिक सगळ्यांना खोलीबाहेर काढतो, काही उपयोग होत नाही, आणि पावसातून हॉटेलवर चालत जातो. बस्स. सिनेमात तो तिला उचलून घेतो, बाहेर युद्धसमाप्तीच्या घंटा, आणि वर वाग्नरचं संगीत. एवढा डामडौल कशाला? त्यातही कंपनीनं ती वाचते असा दुसरा शेवट काढून ठेवला होता. थिएटरवाल्यांनी हवा तो लावायचा. थाळीत गोड हवं की तिखट विचारावं तसं. हेमिंग्वे उखडला यात नवल नाही.

शीर्षकाचं मराठी मात्र मला अजून जमलेलं नाही. 'आर्म्स' म्हणजे शस्त्रं आणि बाहूसुद्धा, दोघांचाही निरोप. आपल्याकडे 'हत्यार' शब्दात 'हात' दडलाय, पण तेवढ्यानं मिठी येत नाही.

घंटा वाजायच्या थांबल्या. मला वाटलं मावशीचे डोळे ओले असतील. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "पुस्तकात कसं आहे हे?" मी सांगितलं. पहाटे इस्पितळात नेलं, दिवसभर कळा, मग सिझर. नाळ गळ्याला अडकून मूल गेलं. नंतर तिला रक्तस्राव सुरू झाला, थांबलाच नाही. आणि हो, तिची कंबर अरुंद आहे हे डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, मूल लहान राहावं म्हणून बिअर प्यायलासुद्धा सांगितली होती.

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, जग सगळ्यांनाच मोडतं."

"जग?" मावशी उठली, चहाचे कप गोळा केले. "कंबर लहान आहे हे माहीत होतं, तर संध्याकाळपर्यंत वाट कसली बघत होते?"